मोबाईलवर फोटो एडिटिंग: पोळ्याच्या एका फोटोपासून सुरुवात

पोळ्याच्या संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बैलजोड्यांचे फोटो येऊन पडतात आणि त्यातले बरेचसे एकाच पद्धतीनं बिघडलेले असतात. आभाळ पांढरंफटक, बैल काळाठिक्कर, झुलीवरचे आरसे दिसत नाहीत आणि वरून एखादं भडक फिल्टर. फिल्टर सगळ्या फोटोवर सारखंच बसतं, बिघाड मात्र एकाच जागी असतो. बैलाचं तोंड उजळायला जावं तर आभाळही उजळतं, झुलीचा लाल खुलवावा तर माणसांचे चेहरे लाल होतात. म्हणून जिथं दुखतं तिथंच हात लावायला शिकायचं. पुढचं सगळं शिकवणं एवढ्यासाठीच आहे.

अ‍ॅप कोणतं घ्यायचं

सुरुवातीला एकच घ्या: स्नॅपसीड. गूगलचं आहे, फुकट आहे, मध्येच जाहिरात येत नाही, फोटोच्या कोपऱ्यात शिक्का उमटत नाही. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या वावरातही चालतं. प्ले स्टोअरवर सारख्या नावाची दुसरी अ‍ॅप दिसतात. नावाखाली ‘गूगल एलएलसी’ लिहिलेलं असेल तेच घ्यायचं.

लाइटरूम चांगलं आहे, विशेषतः एकेक रंग वेगळा धरून बदलायला. पण फोटोचा ठरावीक भाग निवडून बदलण्याची सोय तिथं पैसे भरल्यावर मिळते, आणि आपल्याला तर तीच हवी आहे. पिक्सआर्टमध्ये माणूस कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवता येतो, थर चढवता येतात, पण जाहिराती फार आणि बऱ्याच गोष्टींना पैसे. देवनागरी अक्षरांसाठी कॅनव्हा लागेल, ते शेवटी पाहू.

एक सावधगिरी. ‘तीन दिवस फुकट’ म्हणणारी अ‍ॅप त्याच वेळी यूपीआयवर ऑटोपे मंजूर करून घेतात आणि चौथ्या दिवशी पैसे कापतात. अ‍ॅप काढून टाकलं तरी कापणं थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. चेहरा बदलून देणारी, म्हातारपण दाखवणारी अ‍ॅप फोटो बहुधा त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात. घरातल्या बायका-पोरांचे फोटो त्यात टाकण्याआधी विचार करा.

फोटो काढतानाच अर्धं काम

लेन्स पुसा. खिशातली धूळ आणि तेलाचं बोट यामुळे दिव्याभोवती जे धुरकट वलय येतं, ते कुठल्याही अ‍ॅपनं नीट निघत नाही. सुती कापडानं पुसा. आधी फुंकर मारा, नाहीतर मातीचा कण काचेवर घासला जातो.

आपल्याकडचं दुपारचं ऊन फोटोला वैरी आहे. भाद्रपदात ढग असले तर एक वेळ ठीक, पण एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि आभाळाला रंगच उरत नाही. दुपारीच काढायचा असेल तर माणसाला मांडवाच्या किंवा निंबाच्या सावलीत, पण सावलीच्या कडेला उभं करा, तोंड उजेडाकडे.

मग उजेडाचं माप. कॅमेरा समोर दिसणाऱ्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. काळा बैल आणि मागे उजळ आभाळ असेल तर सरासरी आभाळाकडे झुकते आणि बैल काळा पडतो. पडद्यावर बैलाच्या तोंडावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनवर ‘एई/एएफ लॉक’ असं दिसतं, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच बांधले गेले. शेजारी जे छोटं सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढलं की फोटो गडद होतो, वर ओढलं की उजळ.

पांढऱ्या गवळाऊ बैलाच्या बाबतीत उलट वागा: सूर्य थोडा खाली ओढून फोटो जरा गडदच काढा. सावलीत बुडालेला भाग एडिटिंगमध्ये बराचसा परत आणता येतो, पण पांढरा होऊन जळलेला भाग येत नाही, कारण तिथं फाइलमध्ये पांढऱ्याशिवाय काही नोंदलेलंच नसतं. बैलाच्या पाठीवरचे केस, वशिंडाची घडी एकदा जळली की गेली.

५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा मोड बंद ठेवा. ४ जीबी रॅमच्या फोनवर तेवढी मोठी फाइल उघडली की अ‍ॅप अडकतं, कधी मधेच बंद पडतं आणि केलेलं काम जातं. १२ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. बोटांनी झूमही करू नका, दोन पावलं पुढे जा. (शिंगांपासून अंतर ठेवून. पोळ्याच्या गर्दीत, डफड्याच्या आवाजात बैल बुजतो.)

आणि मूळ फोटोवरच काम करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आधीच दाबून लहान केलेला असतो. त्यावर एडिटिंग करून पुन्हा पाठवला की कडांना चौकोनी ठिपके दिसू लागतात. फोटो दुसऱ्यानं काढला असेल तर त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

बसण्याआधी पडदा नीट करा

हे कुणी सांगत नाही आणि निम्मा गोंधळ इथंच होतो. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन पडदा पिवळसर करतो: नाइट लाइट, आय कम्फर्ट, रीडिंग मोड, नाव काहीही असो. तो चालू असताना फोटो पिवळा वाटतो, मग तुम्ही तो निळा करत जाता आणि सकाळी फोटोतली माणसं आजारी दिसतात. बंद करा. पडद्याचा उजेड मध्यावर ठेवा, ऑटो ब्राइटनेस बंद. उन्हात बसून एडिटिंग केलं की पडदा पूर्ण उजळतो, फोटोही उजळ भासतो, आणि दुसऱ्याच्या फोनवर तोच काळा दिसतो.

पहिला फोटो, पायरीपायरीनं

समजा फोटो असा आहे: तोरणाखाली उभी बैलजोडी, एक काळा, एक पांढरा, अंगावर झूल, कपाळावर मठाठी, मागे फिकट आभाळ, वरून विजेची तार गेलेली, कडेला कुणाचा तरी अर्धा हात. स्नॅपसीडमधली नावं इथं इंग्रजी मांडणीनुसार दिली आहेत. आवृत्ती बदलली की चिन्हांची जागा सरकते, नावं साधारण तीच राहतात.

१. फोटो उघडा, ‘टूल्स’ दाबा, ‘क्रॉप’ घ्या. आधी कापायचं, कारण जो भाग जाणारच आहे त्यावर मेहनत कशाला? अर्धा हात बाहेर काढा. बैल ज्या बाजूला बघतो आहे त्या बाजूला थोडी मोकळी जागा राहू द्या आणि खूर कापू नका. डीपीसाठी १:१, स्टेटससाठी ९:१६, कागदावर काढायचा असेल तर ३:२. तिरपी जमीन ‘रोटेट’मध्ये सरळ होते.

२. ‘ट्यून इमेज’. बोट वरखाली फिरवलं की यादी उघडते, आडवं फिरवलं की आकडा बदलतो, उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत. ‘हायलाइट्स’ उणे ३० ते ४०, म्हणजे पांढऱ्या बैलाची पाठ थोडी दबेल. ‘शॅडोज’ अधिक ३० च्या आसपास, म्हणजे काळ्या बैलाच्या अंगावर चमक दिसू लागेल. ‘अ‍ॅम्बियन्स’ अधिक १० ते १५. ‘सॅच्युरेशन’ (रंगांचा गडदपणा) अधिक ५, जास्तीत जास्त १०. आकडे हे नुसते अंदाज आहेत, फोटोप्रमाणे फिरतील. पण शॅडोज ६० च्या वर गेले की काळा बैल राखाडी होतो आणि अंगावर रंगीबेरंगी दाणे दिसतात. अंधाऱ्या भागात फोनच्या सेन्सरनं मुळात कमी उजेड टिपलेला असतो; तो उचलला की उजेडाबरोबर दाणेही वर येतात. काळा बैल काळाच राहिला पाहिजे, फक्त त्याचे डोळे दिसले पाहिजेत.

वरच्या बाजूचं दोन भागांचं चौकोनी चिन्ह दाबून धरलं की आधीचा फोटो दिसतो. दर पायरीला दाबून पाहा. नजर लवकर सरावते आणि भडकपणा कळेनासा होतो.

३. ‘व्हाइट बॅलन्स’. मांडवातल्या पिवळ्या दिव्याखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली काढलेला फोटो इथं सुधारतो. ड्रॉपरचं चिन्ह घेऊन पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर ठेवा: धोतर, टोपी, चुना मारलेली भिंत. हळदीच्या फोटोत ड्रॉपर चुकूनही अंगावर ठेवू नका. हळदीला तो ‘पांढरं’ समजेल आणि सगळा फोटो निळा करून देईल. हळदीच्या कार्यक्रमात फोनचा आपोआप रंगही याच कारणानं फसतो: सगळीकडे पिवळंच दिसल्यावर तो पिवळं कमी करायला बघतो.

४. आता खरं काम, ‘सिलेक्टिव्ह’. काळ्या बैलाच्या कपाळावर एक टिचकी मारा. ‘बी’ अक्षराचा ठिपका येईल. दोन बोटांनी चिमूट उघडा-मिटा केली की गोल लहान-मोठा होतो आणि लाल रंगात दिसतं की परिणाम कुठवर जाणार. हा ठिपका नुसता गोल पाहत नाही, ज्या रंगावर ठेवला त्याच्यासारखे रंगच धरतो, म्हणून मागचं आभाळ गोलात आलं तरी सहसा सुटतं. ब्राइटनेस अधिक २०, मग बोट वरखाली करून स्ट्रक्चर (बारीक पोत उठवणं) अधिक १५. दुसरा ठिपका झुलीवर: सॅच्युरेशन अधिक १५. तिसरा आभाळावर: ब्राइटनेस उणे २०. एका वेळी आठ ठिपके ठेवता येतात, पण तीन-चारात भागतं. झुलीचा रंग शेजारच्या माणसाच्या फेट्यातही असेल तर फेट्यावर वेगळा ठिपका ठेवून त्याचे आकडे शून्य राहू द्या, तो भाग तसाच राहतो.

५. ‘हीलिंग’नं तार काढा. आधी दोन बोटांनी फोटो चांगला मोठा करा. बोटाची जाडी तीच राहते, पण मोठ्या फोटोवर ती कमी भाग व्यापते. तारेवर लहान लहान तुकड्यांत बोट फिरवा, एका दमात अख्खी तार नको. मोकळ्या आभाळातली तार झटकन जाते. शिंगाला किंवा झाडाच्या फांदीला चिकटलेली तार काढताना शिंगाचा तुकडा आभाळात उगवतो, कारण हे हत्यार शेजारचा भाग उचलून तिथं चिकटवतं आणि शेजारी शिंगच असतं. मागं घ्या, आणखी मोठं करा, पुन्हा करा. तरीही जमलं नाही तर तेवढा तुकडा राहू द्या. गावात तार असतेच, बघणाऱ्याला ती खुपत नाही.

६. ‘डिटेल्स’मध्ये शार्पनिंग १० ते १५ आणि थांबा. स्ट्रक्चर वाढवलं की झुलीचे आरसे, शिंगांचा रंग, बेगड छान उठतं, पण माणसाच्या चेहऱ्यावर तेच हत्यार वीस वर्षं वय वाढवतं.

‘एचडीआर स्केप’ आणि ‘ड्रामा’ ही दोन हत्यारं नव्या माणसाला फार आवडतात. बैलाच्या कडेनं पांढरी झिलई दिसली की समजायचं, हे जास्त झालं. ती झिलई उजेड आणि सावली जिथं भेटतात त्या सीमेवर अ‍ॅप दोन्हीकडे ओढाताण करतं म्हणून येते. वापरायचंच असेल तर २५ च्या आत.

चेहऱ्याबद्दल

बऱ्याच फोनचा कॅमेरा ब्यूटी मोड चालू ठेवूनच येतो. तो उन्हात राबलेल्या माणसाच्या तोंडाला मैदा फासल्यासारखं करतो. सेल्फी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शून्य करा. चेहरा उजळायचा असेल तर ‘पोर्ट्रेट’ हत्यारात ‘फेस स्पॉटलाइट’ २० पर्यंत, ‘स्किन स्मूदिंग’ १० पर्यंत. सावळ्या कातडीला गोरं करण्याचा आग्रह ग्राहक धरतात, विशेषतः लग्नाच्या स्थळासाठी. आमचं मत विचाराल तर नाही म्हणा. मान आणि हात वेगळ्या रंगाचे दिसतात आणि बघायला आलेल्यांना फोटो आणि माणूस जुळत नाहीत.

आता थोडी गंमत: पळसाच्या फुलांनी भरलेला माणूस

फाल्गुनात रस्त्याच्या कडेनं पळस पेटतो, तेव्हा दोन फोटो काढून ठेवा. एक फुलांचा, जवळून, फ्रेम भरून. दुसरा संध्याकाळच्या मोकळ्या आभाळापुढे उभ्या माणसाचा, तोंड एका बाजूला केलेला, डोक्याला रुमाल बांधलेला असेल तर बाह्याकृती छान येते. आभाळावर बोट दाबून काढा, माणूस आपोआप काळा येईल.

आधी माणसाचा फोटो स्नॅपसीडमध्ये उघडा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावा, मग ‘ट्यून इमेज’मध्ये कॉन्ट्रास्ट इतका वाढवा की माणूस जवळपास पूर्ण काळा आणि आभाळ जवळपास पूर्ण पांढरं होईल. ब्राइटनेस थोडा वाढवावा लागेल. आता ‘डबल एक्सपोजर’, चित्र जोडण्याच्या चिन्हावर दाबून पळसाचा फोटो आणा, चिमटीनं तो अख्खा माणूस झाकेल एवढा मोठा करा. मिश्रणाच्या यादीत ‘लाइटन’ निवडा. थेंबाच्या चिन्हात प्रमाण असतं, ते पुढे न्या.

फुलं फक्त माणसाच्या आकारात दिसतील आणि आभाळ कोरं राहील. ‘लाइटन’ दोन्ही फोटोंतला जो ठिपका (पिक्सेल) उजळ असेल तो ठेवतो. आभाळ पांढरं, त्याहून उजळ काही नाही, म्हणून तिथं फूल हरतं. माणूस काळा, तिथं फूल जिंकतं. आभाळातही फिकी फुलं दिसत असतील तर आभाळ पुरेसं पांढरं झालेलं नाही. मागे जाऊन कॉन्ट्रास्ट वाढवा. हे एकदा कळलं की फुटलेल्या बोंडांचा फोटो इथं का जमत नाही तेही कळतं: कापूस आणि आभाळ दोन्ही पांढरे, माणसाची कडाच पुसली जाते. पऱ्हाटीचं (कपाशीचं) शेत वापरायचं असेल तर हिरव्या पानांचा फोटो घ्या.

एकच रंग राखणं

वरूड-मोर्शीकडच्या बागेतला फोटो, हातात संत्रं, बाकी सगळं काळं-पांढरं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावून बरोबरची खूण दाबा. वर थरांचं आणि बाणाचं चिन्ह आहे, त्यात ‘व्ह्यू एडिट्स’. यादीत ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर दाबा, मधलं ब्रशचं चिन्ह घ्या. इथं आकडा १०० ठेवून जिथं बोट फिरवाल तिथं काळं-पांढरं लागतं. पण आपल्याला तर संत्रं सोडून सगळीकडे हवं, म्हणून आधी उलट करण्याचं चिन्ह दाबा, मग ब्रशचा आकडा खालच्या बाणानं ० वर आणा आणि फोटो मोठा करून संत्र्यावर बोट फिरवा. रंग परत येईल. बोट बाहेर गेलं तर आकडा १०० करून तेवढंच पुसा. डोळ्याचं चिन्ह दाबलं की कुठं लागलंय ते लाल रंगात दिसतं.

हाच ब्रश प्रत्येक हत्याराला लागतो. ‘ड्रामा’ फक्त ढगांवर, ‘डिटेल्स’ फक्त झुलीवर, चेहरा वगळून. नवशिक्या आणि सरावलेल्यातला फरक बहुतेक या एका चिन्हाचा असतो.

मराठी अक्षरं आणि फ्लेक्स

स्नॅपसीडमधल्या अक्षरांच्या तऱ्हा रोमन लिपीसाठी आहेत. तिकडे वेळ घालवू नका. एडिट झालेला फोटो कॅनव्हात न्या. मुक्ता, बालू, हिंद हे फॉन्ट देवनागरीत नीट बसतात. लिहून झाल्यावर ‘शेतकऱ्यांना’, ‘राष्ट्र’, ‘श्री’ असे शब्द मोठे करून पाहा. जोडाक्षर तुटलं असेल तर फॉन्ट बदला. मुकुटाचं चिन्ह असलेल्या गोष्टी पैशाच्या, त्या टाळा. स्टेटससाठी १०८० बाय १९२० ठिपक्यांचा आकार घ्या आणि अक्षरं अगदी वर-खाली नको, तिथं नाव आणि उत्तराची पट्टी येते.

फ्लेक्ससाठी आधी गणित. ३ बाय २ फूट म्हणजे ३६ बाय २४ इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर २५९२ बाय १७२८. कॅनव्हात ‘कस्टम साइझ’मध्ये हाच आकार टाकून सुरुवात करा, नंतर वाढवायचा म्हटलं तर पैसे मागतं. दुकानात मजकूर टाइप करून पाठवू नका. बऱ्याच ठिकाणी युनिकोडआधीचे, जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात आणि अक्षरांची जागा बदलते. तयार पीएनजी किंवा पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी नावं एकदा मोठ्यानं वाचा. फ्लेक्सवर पाटलांचा ‘पाटिल’ झाला तर तो पुढच्या पोळ्यापर्यंत चौकात लटकतो.

फोटो बाहेर काढणं

स्नॅपसीडच्या तीन ठिपक्यांत ‘सेटिंग्ज’ उघडा, आकार ‘डू नॉट रिसाइज’ आणि दर्जा जेपीजी ९५ टक्के ठेवा. मग ‘एक्स्पोर्ट’ करा, म्हणजे मूळ फोटोला हात न लागता वेगळी प्रत तयार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० ठिपक्यांच्या आसपास उतरतो. ४ बाय ६ च्या प्रिंटला तेवढं चालून जातं, फ्लेक्सला नाही. पाठवताना ‘एचडी’ दाबा. दुकानदाराला द्यायचा असेल तर पिनच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडून तीच फाइल पाठवा आणि ‘गॅलरीतून नको, चॅटमधली डॉक्युमेंट फाइलच घ्या’ हे त्याला फोनवर सांगा.